उकलीशिवाय गुण नाही

वटार,
६ जानेवारी २०२५

आशालताबाई तेरवणकर यांस,

मायना वाचून दचकू नकोस. 'प्रिय आशा' लिहायला आज हात उचलत नाही. फोनही मुद्दामच केला नाही. फोनवर तू रडशील, मी विरघळेन आणि विषय राहून जाईल. म्हणून आपलं जुनं टपाल.

परवाचा 'खाडीकाठ' पाहिलास? पाहिला असशीलच, त्याचं कोडं तुझ्याच घरातून निघतं. ऑक्टोबरपासून दर शनिवारी 'गूढ शब्दकोडे, रचनाकार: श्रीरंग तेरवणकर'. पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, निवृत्तीनंतर भावजींना चांगला नाद लागला. पेन्सिल घेऊन बसले. पहिलं कोडं पंचवीस मिनिटांत सुटलं, दुसरं पंधरा मिनिटांत. म्हटलं, हंसे, साठी उलटली तरी डोकं शाबूत आहे तुझं! कशाचं शाबूत? चाळीस वर्षांपूर्वी मीच घातलेली कोडी मला सुटत होती, एवढंच.

डिसेंबरच्या शेवटच्या अंकात आडवे चौदा आलं आणि माझे डोळे उघडले. 'बाप आणि दुष्ट माणूस एकत्र आले, तर सात पायऱ्या उतरा (४)'. ते कधीचं आहे, सांगू? डी.एड. झाल्यावर मला जव्हारकडची शाळा मिळाली होती आणि बाबांनी नेमणुकीचा कागद फाडून चुलीत घातला होता. त्या संध्याकाळी मी वाडीतल्या बावखलावर जाऊन बसले होते. शिंपणासाठी खणलेल्या त्या तळ्याच्या काठी रडणं थांबेना, तेव्हा मी ते कोडं घातलं. बा म्हणजे बाप, व म्हणजे आणि, खल म्हणजे दुष्ट. चार घरं, बावखल. आणि सात पायऱ्या आमच्याच. आजीला घागर घेऊन उतरता यावं म्हणून आजोबांनी काळ्या दगडाच्या बसवल्या होत्या. अख्ख्या वटारात दुसऱ्या कुणाच्या बावखलाला पायऱ्या नव्हत्या. खड्डा, पाणी आणि निसरडा काठ, बस.

परवाच्या अंकात तुझ्या नवऱ्याने याची उकल छापली: 'बावखलास परंपरेने सात पायऱ्या असतात. त्या सप्तपाताळांचे प्रतीक होत.'

माझा भाऊ काशीराम चहा पीत होता. त्याला वाचून दाखवलं तर ठसकाच लागला. म्हणाला, "अगो हंसा, आपला आजा काय पातालात उतरत होता पानी काढायला?" तो हसला. मला हसू आलं नाही.

कोडं उचलता येतं, उत्तर उचलता येतं. उकल ज्याची त्यालाच ठाऊक असते. आपला नियमच होता ना, उत्तर बरोबर असलं तरी उकल लिहिल्याशिवाय गुण नाही?

आपण दोघी कोडी लिहायचो ती निळी वही परत पाठव. आणि 'खाडीकाठ'मध्ये माझं नाव छापून यायला हवं. पंधरा दिवस देते.

हंसा म्हात्रे


मनवेलपाडा, विरार (पूर्व),
१४ जानेवारी २०२५

प्रिय हंसा,

माझा हात उचलतो, म्हणून मी 'प्रिय' लिहिते आहे.

आज संक्रांत. तुला दोन गोड शब्द लिहावेत म्हणून बसले, पण तुझं पत्र समोर ठेवलं की गोड काही सुचत नाही. वकिलाची नोटीस बरी, तिच्यात निदान शिव्या नसतात. सहा वर्षांत तुझं एक कार्ड नाही. आलं ते हे!

बा, व आणि खल हे शब्द काही तुझ्या वाडीत पिकत नाहीत. कुणालाही सुचतील. पायऱ्यांची चूक झाली असेल, माणूस आहे, चुकतो. तुला कल्पना नाही हे निवृत्त झाल्यावर कसे झाले होते. दोन वर्षं खिडकीत बसून समोरच्या इमारतीत कोण गाडी कशी लावतो ते बघायचे आणि मला सांगायचे. आता भाजीबाजारात लोक 'कोडेवाले सर' म्हणून हाक मारतात. दाढी रोज करतात. हे मी तुझ्यासाठी थांबवू?

आणि वही माळ्यावर आहे. पत्र्याच्या पेटीत, दोरी बांधून, मी स्वतःच्या हाताने ठेवलेली.

९ फेब्रुवारीला 'खाडीकाठ'च्या वर्धापनदिनी यांचा सत्कार आहे. कुठे काही बोलू नकोस. मोठ्या मनाने घे.

तुझी,
आशा


वटार,
१८ जानेवारी २०२५

आशालता,

मोठ्या मनाने घे म्हणे! ज्याचं गेलं त्यालाच मन मोठं करायला सांगायचं आणि ज्याने नेलं त्याला शाल घालायची. छान आहे.

आधी सहा वर्षांचं बघू. शेवटचं कार्ड माझं होतं. त्यावर कोडं होतं. त्याची उकल तू पाठवलीच नाहीस. तुला तेव्हा नातू झाला होता, म्हणून मी समजून घेतलं आणि वाट बघितली. अजून बघते आहे.

आता वहीचं. माळ्यावर चढ. दोरी सोड. आडवे चौदाच्या पानावर तुझ्याच लाल शाईत लिहिलेलं आहे: 'नको. घरगुती आहे. वाचकाला तुझ्या वाडीतल्या पायऱ्या काय माहीत?' त्यावरून आपण दोन दिवस भांडलो होतो. तुझं बरोबर होतं. मी कबूल केलं आणि कोड्यावर काट मारली. दोघींनी मिळून ठरवलं होतं की बाकी सगळं छापायचं, हे नाही. तेव्हा योगायोगाच्या गोष्टी मला सांगू नकोस. दुसऱ्या कुणाला बावखल सुचेल, मान्य. सात कसं सुचेल?

अजून एक सांगते, म्हणजे मी एवढी का पेटले आहे ते कळेल. २०१६ साली काशीरामने बावखल बुजवलं. गाडी लावायला जागा हवी होती. पायऱ्या खाली तशाच आहेत, वर डबर आणि माती. मी तेव्हा एक अक्षर बोलले नाही, वाडी त्याच्या नावावर आहे. माझ्या नावावर काय आहे आशा? नोकरी नाही, घर नाही, वाडी नाही. दोनशे पानांची एक वही आहे, त्यात माझं डोकं आहे. तेवढंही भावजींना हवं?

सत्काराला मी येणार आहे. फर्डिनंड काकांना घेऊन येणार आहे, वसई गावातले, जे पहिल्या अंकापासून दर आठवड्याला पूर्ण कोडं सोडवून पाठवतात. पहिल्या रांगेत बसेन आणि विचारीन, सर, सात का?

हंसा


मनवेलपाडा,
२७ जानेवारी २०२५

हंसे,

माळ्यावर चढले. पेटीत वही नाही. दोरी मात्र पुन्हा नीट बांधून ठेवली आहे, माझी गाठ नाही.

वही यांच्या बॅगेत सापडली. ऑफिसच्या जुन्या फाइलच्या कव्हरात. पहिलं पान, ज्यावर आपण दोघींची नावं लिहून खाली वेलबुट्टी काढली होती, ते ब्लेडने कापलेलं. माझ्या लाल शेऱ्यावर पांढरा रंग फासलेला. मी वही यांच्या पुढ्यात टाकली. तर म्हणतात, "दोन पोरींचा पोरखेळ होता तो. मी त्याला रूप दिलं. हंसाबाई कुठे छापणार होत्या?" आणि पुन्हा पेपरात डोकं. माझ्या हातात लाटणं होतं. मी ते ओट्यावर ठेवलं, एवढंच सांगते.

आता दुसरं. हे लिहायला चार दिवस लागले.

दर गुरुवारी हे मला विचारायचे, "आशा, याची फोड काय गं?" एखाद-दुसरं असायचं. वाचकांनी पाठवलेलं आहे म्हणायचे. मी पोळ्या लाटता लाटता सांगायची. मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत यांनी मला काही विचारलेलं नव्हतं गं, 'जेवायला काय' सोडून. दिवाळीत एक आलं, 'लंकेचा राजा, आमच्या गावच्या तोंडी, उलटा फिरला की घरधनी (३)'. रावन उलटा केला की नवरा. वटारच्या बोलीत रावणाचा रावन तूच करू शकतेस. मी ओळखलं. तेव्हाच सगळं ओळखलं. उकल सांगितली आणि गप्प बसले. यांनी ते छापलं नाही. म्हणाले, शुद्धलेखन चुकलं आहे.

म्हणजे मागचं माझं पत्र खोटं होतं. बाकीच्या उकली मीच पुरवल्या. आडवे चौदाची तेवढी यांना सोपी वाटली, म्हणून विचारली नाही.

तू ये किंवा येऊ नकोस. त्या दिवशी मी उभी राहीन.

आशा


वटार,
३० जानेवारी २०२५

आशालता,

तुझं पत्र वाचून वाडीत गेले आणि चाफ्याच्या तळाची वाळली फांदी हाताने मोडली. कोयता जवळच होता, तो घेतला नाही.

भावजींचा राग होता, तो आता अर्धाही राहिला नाही. ते परके. त्यांना माझं डोकं कशाला ओळखता यावं? तू ओळखलंस. माझ्या कोड्याची उकल जगात एकट्या तुला जमते, आणि ती तू मला सोडून त्यांना देत होतीस. पोळ्या लाटता लाटता! तीन महिने! मी शेवटच्या कार्डाच्या उत्तराची सहा वर्षं वाट बघत होते आणि तू दर गुरुवारी माझीच कोडी माझ्या चोराला समजावून सांगत होतीस.

सत्काराला मी येणार नाही. माझं नाव तू घ्यायचंस. फर्डिनंड काका येतील. ते प्रश्न विचारतील, पुढचं तुझं तू बघ.

हंसा


मनवेलपाडा,
१६ फेब्रुवारी २०२५

हंसे,

रविवारचं रविवारीच लिहिणार होते. मग म्हटलं, कालच्या अंकात काय छापतात ते बघू. बघितलं.

हॉल भरला होता. यांनी मोती रंगाचा झब्बा घातला होता. शाल, श्रीफळ, संपादकांचं भाषण. मग फर्डिनंड काका उठले. सावकाश, काठी टेकत. "सर, माजा येकच प्रश्न हाय. आमच्या घरच्या बावखलात मी पोहत पोहत मोठा झालो. पायरी येक पन नव्हती. तुमी सात कुटून मोजल्या?"

हे हसले. मग घसा खाकरला. मग हंसे, यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी गुरुवारी बघतात तसं. याची फोड काय गं? भर हॉलमध्ये!

मी उठले. सांगितलं की ते कोडं वटारच्या हंसा म्हात्रे यांचं आहे. सात पायऱ्या त्यांच्या आजोबांनी बसवल्या. सगळी चौदा कोडी त्यांची आहेत, एका निळ्या वहीतली, जिचं पहिलं पान कापलं आहे. उकली माझ्या आहेत. यांचं फक्त नाव आहे. एवढं बोलून खाली बसले.

आणि टाळ्या पडल्या! संपादक माइक घेऊन म्हणाले, "बघा, वहिनींचा विनय! स्वतःचं श्रेयसुद्धा मैत्रिणीला देऊन मोकळ्या झाल्या. सरांना अशी सोबत लाभली म्हणून हे घडलं." आणि मला एक शाल. मी नको नको म्हणतेय आणि सत्कार करणारी बाई माझ्या खांद्यावर टाकतेय. फर्डिनंड काका तेवढे काठी आपटत निघून गेले.

रिक्षात हे म्हणाले, "छान सांभाळून घेतलंस हो." मी रिक्षा थांबवली आणि उरलेलं अंतर चालत आले. शाल रिक्षातच टाकली.

कालच्या अंकात पान तीनवर फोटो. खाली ओळ: 'सौ. आशालता तेरवणकर यांनीही मनोगत व्यक्त केले.' तुझं नाव कुठेही नाही. मी तीनदा वाचलं. खरं बोलले, माइकसमोर बोलले, आणि त्यांनी त्याचं हळदीकुंकू करून टाकलं. इतकी संतापले आहे की अक्षर नीट येत नाही, बघतेसच.

काय करू सांग.

आशा


वटार,
२२ फेब्रुवारी २०२५

आशा,

फर्डिनंड काकांनी दुसऱ्याच दिवशी येऊन सगळं सांगितलं होतं. तुझ्या पत्रात एक गोष्ट राहिली. ते म्हणाले, बोलताना तू रडली नाहीस. बरं केलंस.

तू काही करू नकोस. मीच 'खाडीकाठ'च्या कचेरीत जाऊन आले. रिक्षाने पारनाक्यापर्यंत, पुढे चालत. फर्डिनंड काका बरोबर होते. संपादकांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि "वहिनींच्या मैत्रीण का आपण?" असं विचारलं. मी चहा घेतला नाही. पिशवीतून नवं कोडं काढून टेबलावर ठेवलं. दोन रात्री बसून केलेलं, नऊ बाय नऊ. ते चाळून म्हणाले, "छान. सरांकडून तपासून घेतो."

फर्डिनंड काका भडकले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, घ्या की तपासून. जरूर घ्या. पण उत्तरं मी दिलेली नाहीत. ज्या माणसाने चौदा कोडी रचली त्याला हे एक सुटायला हरकत नाही. सरांनी सगळी उत्तरं उकलीसकट स्वतःच्या अक्षरात गुरुवार, ६ मार्चपर्यंत पाठवली, तर आधीची चौदाही त्यांची, मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. नाही पाठवली, तर हे कोडं माझ्या नावाने छापायचं आणि शेजारी चौकटीत लिहायचं की आधीची कुणाची होती. संपादक काकांकडे बघत होते. काका म्हणाले, "मी साक्षीला हाय. आनि माज्यासारके पन्नास जन दर शनवारी तुमचा पेपर कोड्यासाटीच घेतात." मग कबूल झाले.

चौदा कोडी पणाला लावून आले आहे. म्हणजे ते कोडं आता तुझ्या जेवणाच्या टेबलावर येईल. मी तुला त्यातलं काहीही सांगणार नाही. गुरुवारी तुला विचारलं जाईलच.

हंसा


मनवेलपाडा,
८ मार्च २०२५

प्रिय हंसा,

अंक आला. पान दोन. 'गूढ शब्दकोडे, रचनाकार: हंसा म्हात्रे, वटार'. शेजारी चौकट, की ऑक्टोबर ते जानेवारीतली चौदा कोडीही त्यांचीच, नजरचुकीने दुसरे नाव पडले. नजरचूक म्हणे! आणि भोवती गुलाबी नक्षी, वर 'महिला दिनानिमित्त विशेष'. त्या माणसाला एकदा कधीतरी माझ्यासमोर उभा कर.

आता इथलं ऐक. कोडं सोमवारी आलं. यांनी चष्मा पुसून, पेन्सिलीला टोक काढून बैठक घातली. मंगळवारपर्यंत सोपी सोपी भरली. मग अडले ते आडवे नऊवर. 'दुसऱ्याच्या मोळ्या उचलल्या, मालकाला न विचारता (४)'. मी दूध तापवत होते, यांच्या खांद्यावरून एकदा वाचलं, आणि दूध वर यायच्या आत मला सुटलं. पर म्हणजे दुसऱ्याचे. मोळ्या म्हणजे भारे. परभारे. मालकाला न विचारता जे करतात ते. हंसे, तू फार दुष्ट आहेस.

मंगळवारी रात्री जेवताना विचारलं, "आशा, नऊची फोड काय गं?" मी आमटी वाढली. बुधवारी दोनदा विचारलं. गुरुवारी सकाळी विचारलं नाही, नुसतेच ओट्यापाशी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, मला येतं. तुम्हाला सांगणार नाही. पहिलं कापलेलं पान कुठे आहे ते सांगा, मग बघू. ते म्हणाले, फेकलं. मी म्हटलं, मग बसा.

दुपारी कचेरीतला माणूस आला तेव्हा चार घरं कोरीच होती. यांनी कागद त्याच्या हातात दिला, आत गेले, दार लावून घेतलं. मला वाईट वाटलं का म्हणशील तर वाटलं. पण दार वाजवलं नाही. अजून घरात अबोला आहे, आणि या खेपेला तो माझ्या बाजूने आहे.

नियमाप्रमाणे संपूर्ण कोड्याची उकल सोबत जोडली आहे, माझ्या अक्षरात. त्याच्या मागच्या बाजूला तुझ्या सहा वर्षांपूर्वीच्या कार्डाचीही आहे. कार्ड जपून ठेवलं होतं. तेव्हाच सुटलं होतं, पाठवायचं राहिलं. बघ आणि गुण दे.

वही माझ्या ताब्यात आहे. कुरियरने पाठवू?

तुझी,
आशा


(पोस्टकार्ड)

वटार,
१३ मार्च २०२५, होळी

आशा,

उकली तपासल्या. कार्डाची बरोबर आहे, पूर्ण गुण. कोड्याचीही सगळी बरोबर आहे, पण तिला अर्धाच गुण देते. दिवाळीत ओळखलंस आणि माघात बोललीस.

वही कुरियरने पाठवू नकोस. हरवली तर कुणाच्या नावाने बोंब मारू? स्वतः घेऊन ये. लाल पेनही आण, नवीन दहा कोडी झाली आहेत. चहा देईन. बोलेनच असं नाही.

हंसा